पणजीचं माहेरचं नाव काय?

अमेरिकेहून येणाऱ्या माणसाने काय आणायचं असतं? बदाम, चॉकलेट्स, परफ्यूम आणि नायगराचे दोनशे फोटो. मी यंदा जुलैमध्ये एक रिकामा चौकोन घेऊन आले. नायगरा पाहिलाच नाही. त्याऐवजी आयोवा राज्यातल्या एका छोट्याशा गावात चार दिवस जुनी रजिस्टरं चाळत बसले होते. हसू नका. आयुष्यातली सगळ्यात भन्नाट सुट्टी होती.

झालं असं, की माझी मावसबहीण मिनेसोटात रॉचेस्टरला असते. तिला दिवस गेलेत, म्हणून मी मदतीला गेले होते (मदत म्हणजे पिठलं करणे आणि नेटफ्लिक्स बघणे). जिजू अमेरिकन. त्यांची आई, म्हणजे ताईच्या सासूबाई, तिथून दक्षिणेला दीडेक तासावर डेकोरा नावाच्या गावात राहतात. वय ७४, निवृत्त शिक्षिका, केस पांढरेशुभ्र, पायात स्पोर्ट्स शूज. तिकडे सासूलाही नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळेना. शेवटी मी त्यांना 'आजी' म्हणायला लागले आणि त्यांना ते जाम आवडलं.

तर या आजींनी येणाऱ्या बाळासाठी एक वंशवृक्ष करायला घेतला होता. मोठा कागद, खाली बाळाची जागा, वर फांद्या. डावीकडे त्यांचं घराणं, उजवीकडे आमचं. डावीकडे खापरपणजोबा-पणज्यांपर्यंत सगळे आठ चौकोन शाईने भरलेले. नाव, जन्मगाव, साल, सगळं. उजवीकडे? ताईचे आईवडील, त्यांचे आईवडील... आणि पुढे पांढरं मैदान.

"तुमच्या आजीचं लग्नाआधीचं नाव सांगा," त्या म्हणाल्या.

ताईने माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. आजीचं माहेरचं आडनाव माहीत होतं. पण आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलायचे ना! ते जुनं नाव काय होतं? आणि आजीच्या आईचं, म्हणजे आमच्या पणजीचं? मी लगेच पुण्याला आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, आम्ही तिला आजीच म्हणायचो."

फक्त तीन पिढ्या, आणि गाडी तिथेच बंद. मी मास कॉम केलंय, अनोळखी लोकांना फोन करून माहिती काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि स्वतःच्या पणजीचं नाव ठाऊक नाही!

आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझंही असंच होतं. चल, दाखवते."

डेकोराची वस्ती २०२० च्या जनगणनेत साडेसात हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी हाउसिंग स्कीम. अप्पर आयोवा नदी, चुनखडीचे कडे, हिरव्या टेकड्या, वॉटर स्ट्रीट नावाचा एक मेन रोड. १९ व्या शतकाच्या मध्यापासून इथे नॉर्वेहून माणसं येऊन राहिली. जुलैच्या शेवटी १९६७ पासून 'नॉर्डिक फेस्ट' भरतो, तेव्हा गावात पार्किंग मिळत नाही म्हणे. एरवी सगळं सामसूम. पण या एवढ्याशा गावात ल्यूथर कॉलेजचं अर्काइव्ह आहे, एक मोठं म्युझियम आहे, वाचनालय आहे, काउंटीचं कोर्टहाउस आहे आणि काउंटीची हिस्टॉरिकल सोसायटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं समजा. अशा सोसायट्या बऱ्याचशा रिटायर्ड मंडळींच्या हौसेवर चालतात. आमच्या आजी त्यांतल्याच एक.

पहिला दिवस कोर्टहाउसचा. आजींनी आधीच बजावलं होतं, "अमेरिकेत माणूस शोधायचा तर आधी जमीन शोध." आयोवाची जमीन सरकारने विकण्याआधी चौकोनांत मोजून काढली होती. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ भाग, एकेक भाग ६४० एकरांचा. नकाशा अगदी ग्राफ पेपर! त्यामुळे कुणी कुठला तुकडा घेतला, कुणाला विकला, मेल्यावर कुणाला गेला, सगळं पत्त्यासकट सापडतं. खरेदीखतं, मृत्युपत्रं, लग्नाच्या नोंदी, नागरिकत्वाचे अर्ज, सगळं काउंटीच्या दप्तरात. जन्ममृत्यूच्या नोंदी आयोवात १८८० पासून ठेवायला लागले. शिवाय जुने छापील नकाशे, ज्यांत प्रत्येक शेतावर मालकाचं नाव. आपल्या सात-बाऱ्याची आणि गावनकाशाची खिचडी म्हणा.

नागरिकत्वाचे अर्ज बघताना एक गोष्ट लक्षात आली. सगळे पुरुष. बायका कुठे गेल्या? आजी म्हणाल्या, "नवरा नागरिक झाला की बायको आपोआप. तिला वेगळा कागदच नाही." हा नियम १८५५ पासून १९२२ पर्यंत चालला. म्हणजे कागद कमी पडणं हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही तर!

दुसरा दिवस वाचनालय आणि जुनी वर्तमानपत्रं. इथे मी पत्रकार म्हणून अक्षरशः लट्टू झाले. मिडवेस्टमधल्या गावोगावच्या साप्ताहिकांत पूर्वी एक सदर असायचं. अमक्यांकडे रविवारी तमके जेवायला आले होते, तमकीची बहीण शिकागोहून आली, अमक्याची गाय हरवली. आपण ज्याला गॉसिप म्हणतो तो शंभर वर्षांनी इतिहास होतो, बॉस! बहीण शिकागोची आहे हे कळलं की पुढची पोस्ट शिकागो.

डेकोराचं खास म्हणजे 'डेकोरा-पोस्टेन'. १८७४ ते १९७२, तब्बल ९८ वर्षं या गावातून नॉर्वेजियन भाषेतलं वर्तमानपत्र निघत होतं आणि दूरदूरच्या राज्यांतली शेतकरी कुटुंबं ते वाचत होती. १९१८ पासून त्यात 'हान ओला ओग हान पेर' नावाची कॉमिक स्ट्रिप यायची, नव्या देशातल्या यंत्रांशी झटापट करणाऱ्या दोन शेजाऱ्यांची. आजींचे आजोबा म्हणे बातम्या नंतर वाचायचे, आधी ती. अगदी आपल्यासारखंच.

तिसरा दिवस जनगणनेचा. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव यायला लागलं. स्वतंत्र हा शब्द महत्त्वाचा, कारण गुलामांची नावं त्यात नव्हती. गुलामगिरीतून सुटलेले सगळे पहिल्यांदा नावानिशी दिसतात ते १८७० मध्ये. हे कागद ७२ वर्षं बंद असतात. १९५० ची गणना २०२२ मध्ये खुली झाली, १९६० ची २०३२ मध्ये होईल. "तोपर्यंत मी टिकणार," आजींनी जाहीर केलं, "त्यात मी आहे."

१९०० च्या गणनेत एक रकाना आहे. बाईला किती मुलं झाली, आणि त्यांतली किती हयात. आजींनी आपल्या एका खापरपणजीच्या ओळीवर बोट ठेवलं. ९ आणि ५. बस, दोन आकडे. शेजारी ताई पोटावर हात ठेवून बसली होती. कुणी काही बोललं नाही.

आणि १८९०? ती गणना जवळजवळ सगळीच गेली. १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीत आग लागली, बरंचसं जळलं आणि भिजलं, आणि उरलेलं पुढे १९३० च्या दशकात सरकारनेच नष्ट करून टाकलं. शोधणाऱ्यांच्या नशिबी मध्ये वीस वर्षांचं भगदाड. पण आयोवाचं नशीब थोर. या राज्याने १८८५ आणि १८९५ मध्ये स्वतःची वेगळी गणना केली होती. शिवाय १९१५ मध्ये, आणि १९२५ मध्ये.

ही १९२५ ची गणना म्हणजे आजींच्या गोष्टीतला क्लायमॅक्स.

त्याआधी नावांची भानगड सांगते. जुन्या नॉर्वेत आडनाव नसायचंच. लार्सचा मुलगा ओला, तर तो ओला लार्सेन. मुलगी लार्सदातर. पुढच्या पिढीत पुन्हा बदल. म्हणून ओळखायला शेताचं नाव जोडायचे. अमक्या शेतावरचा ओला. शेत बदललं की नावही बदललं! मी म्हटलं, हे तर आपलं '-कर' झालं. चिपळूणचा तो चिपळूणकर. फक्त आपण गाव सोडलं तरी नाव सोबत ठेवलं. नॉर्वेत कायमचं आडनाव ठेवायची सक्ती करणारा कायदा आला तो थेट १९२३ मध्ये.

पण खरी गंमत, किंवा खरं तर उलट, पुढे आहे. त्या जुन्या पद्धतीत बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावायची. लार्सदातर ती लार्सदातर. समुद्र ओलांडून अमेरिकेत आल्यावर मात्र ती 'मिसेस अमुक' झाली आणि तिचं नाव कागदावरून पुसलं गेलं. स्वातंत्र्याच्या देशात येऊन नाव हरवलं!

आजींची पणजी १८८० च्या दशकात, एकोणीस वर्षांची असताना, एकटी आली. घरकाम करायला. इथेच लग्न झालं. त्यानंतर सगळीकडे नवऱ्याचं नाव. थडग्यावरही. ती कुठल्या शेतावरची, कुणाची मुलगी, काही पत्ता नाही. आजींनी अनेक वर्षं शोधलं. मग १९२५ ची आयोवाची गणना हाती आली. त्या वर्षी फॉर्ममध्ये प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं विचारली होती. आईचं लग्नाआधीचं नावसुद्धा! साठीच्या पणजीने दारात आलेल्या माणसाला आपल्या आईचं नाव सांगितलं, त्याने कसंबसं स्पेलिंग करून लिहून घेतलं. झालं. त्या एका ओळीवरून आजी नॉर्वेतल्या चर्चच्या रजिस्टरपर्यंत पोचल्या. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती घरबसल्या फुकट बघायची सोय केली आहे. मग त्या भागाचं 'बिग्देबोक' मिळालं, म्हणजे एकेका शेताची पिढ्यान्‌पिढ्यांची हकिगत सांगणारं जाडजूड पुस्तक. आणि त्यात ते शेत.

"मी रडले," आजी म्हणाल्या. "वाचनालयात. लोक बघत होते."

चौथ्या दिवशी म्युझियम. नाव 'व्हेस्टरहाइम', म्हणजे पश्चिमेचं घर. नॉर्वेची माणसं अमेरिकेला असं म्हणायची. ल्यूथर कॉलेजात १८७७ मध्ये जमवायला सुरुवात केलेल्या वस्तूंतून हे उभं राहिलं. मला तिथल्या पेट्यांनी खिळवून ठेवलं. स्थलांतर करताना आणलेल्या लाकडी पेट्या, त्यांवर फुलापानांची रंगीत नक्षी, आणि ठळक अक्षरांत मालकाचं नाव नि साल. कित्येक पेट्या बायकांच्या नावाच्या. कागदावरून पुसलेलं नाव लाकडावर टिकून राहिलं! मला आमच्या घरची तांब्या-पितळेची भांडी आठवली. त्यांवर नाव घातलेलं असतंच की. कुणाचं, ते कधी वाचलंय तुम्ही?

गावाबाहेर काही मैलांवर 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' नावाची संस्था आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली. ती घराण्याघराण्यांतून चालत आलेलं बियाणं सांभाळते, आणि ते कुठल्या घरातून आलं, कुणी दिलं, हेही लिहून ठेवते. घेवड्याचासुद्धा वंशवृक्ष आहे, आणि आपला नाही!

हे सगळं ऐकून वाटेल, काय सॉलिड लोक आहेत, सगळं जपलंय. सगळं नाही. डेकोरा हे नाव नॉर्वेचं नाहीच. ते होचंक जमातीच्या वॉकॉन डेकोरा या नेत्याचं. विनेशिक हे काउंटीचं नावही त्यांच्याच नेत्याचं. १८४० मध्ये होचंक लोकांना विस्कॉन्सिनमधून हलवून या भागात आणलं, त्यांच्यावर लक्ष ठेवायला जवळच फोर्ट अॅटकिन्सन ही लष्करी ठाणी बांधली, आणि १८४८ मध्ये त्यांना पुन्हा उचलून मिनेसोटात पाठवलं. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, इथे पहिलं गोरं कुटुंब राहायला आलं. म्हणजे गाव त्यांच्या नावाचं, आणि कोर्टहाउसच्या कपाटात त्यांची खरेदीखतं नाहीत, जन्मनोंदी नाहीत. त्यांची नावं सापडतात ती केंद्र सरकारच्या पैसे-वाटपाच्या याद्यांत. कुटुंबप्रमुखाचं नाव, पुढे पुरुष किती, बायका किती, मुलं किती. पुन्हा आकडे! आज त्यांचे वंशज विस्कॉन्सिनमध्ये आणि नेब्रास्कात आहेत, आणि त्यांनी आपला इतिहास तोंडी जपला. आजी म्हणाल्या, "आमचा कागद भरलेला दिसतो, कारण लिहिणारा आमच्यातला होता." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

आता थोडं कामाचं. तुमचंही कुणी मिडवेस्टमध्ये असेल, एखादी मैत्रीण तिकडच्या घरात लग्न करून गेली असेल, तर आजींचे नियम उपयोगी पडतील.

एक, आजपासून मागे चालत जा, कुठल्या थोर पूर्वजापासून पुढे नाही. दोन, काउंटी शोधा. गावाचं नाव बदलतं, कधी गावच नाहीसं होतं, कागद काउंटीत असतो. तीन, दप्तरात जाण्याआधी वाचनालयात जा. तिथल्या बाईंना सगळं माहीत असतं. चार, 'फॅमिलीसर्च'वर फुकट खातं उघडा. ते मॉर्मन चर्चचं आहे आणि जगभरातल्या नोंदींचे फोटो तिथे आहेत. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांचेसुद्धा! पाच, स्मशानात जा. शेजारचं थडगं बहुतेक वेळा माहेरचं निघतं. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा. ऐकलेलं पेन्सिलीने लिहा, कागदावर पाहिलेलं शाईने.

त्या रात्री साडेआठला, म्हणजे आपल्याकडे सकाळी सातला, मी सांगलीला फोन लावला. आजीची धाकटी बहीण तिथे असते. मावशीआजी. वय ८८, कानाने कमी, डोकं एकदम शार्प.

"कोण? पुण्याची का? अगं, इतक्या सकाळी? सगळं ठीक ना?"

"मावशीआजी, आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"कशाला हवंय?"

"बाळासाठी. ताईच्या."

पलीकडे शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग त्यांनी नाव सांगितलं. छोटंसं, तीन अक्षरी. आणि म्हणाल्या, "सत्तर वर्षांत कुणी विचारलं नव्हतं गं. लग्नात बदललं ना, मग आम्हीसुद्धा नव्याच नावाने हाक मारायला लागलो. मला एकटीला ते लक्षात आहे बघ."

एकटीला. म्हणजे हा फोन अजून दोन-चार वर्षं लांबला असता, तर ते नाव कायमचं गेलं असतं. आग लागायची गरज नव्हती.

"आणि तुमच्या आईचं? माहेरचं नाव?"

"आईचं माहेर मिरजेजवळचं. गाव सांगते, लिहून घे. नाव... आईला कोण नावाने हाक मारणार? बाबा 'अगं' म्हणायचे. बाकी सगळे वहिनी."

आजींनी पेन्सिल घेतली. आमच्या आजीचं नाव लिहिलं. वरच्या चौकोनात फक्त गावाचं नाव लिहिलं आणि पुढे जागा मोकळी सोडली. त्या कागदाची एक कॉपी मला दिली. तोच हा रिकामा चौकोन.

परत येऊन तीन आठवडे झालेत. त्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल कुठे मागायची, हे मी विचारून ठेवलंय. नोंदी मोडीत निघाल्या तर वाचणारा शोधावा लागेल. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत असतात, आमच्या पणजीच्या माहेरचा आहे का तेही बघायचंय. मिळेल, न मिळेल. पुढच्या रविवारी मी सांगलीला निघालेय, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून मावशीआजीसमोर बसायला. तुमच्या घरात जो सगळ्यात म्हातारा माणूस आहे ना, त्याला तुम्हीही या वीकेंडला फोन करा. मॉल कुठे पळून जात नाही.

आणि हो, ते तीन अक्षरी नाव मी इथे छापत नाहीये. ताई म्हणते, मुलगी झाली तर तेच ठेवायचं. डेकोराच्या आजी रोज आरशासमोर उच्चाराची प्रॅक्टिस करतायत.